बिझनेस कोच निवडताना

आधी एका कागदावर अडचण आकड्यात लिहा: 'उधारी 90 दिवसांनी येते, ती 45 वर आणायची आहे.' असं वाक्य लिहिता येत नसेल तर कोच शोधायची घाई नको. अडचण जीएसटीची किंवा हिशेबाची असेल तर सीए गाठा, ते कोचचं काम नव्हे.

भारतात बिझनेस कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. त्यामुळे तपासणी तुम्हालाच करावी लागते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोचना प्रमाणपत्रं देणारी जागतिक संस्था, तिच्या चढत्या तीन पायऱ्या: एसीसी प्रमाणपत्र असेल तर किमान 100 तासांचा अनुभव, पीसीसीला 500, एमसीसीला 2,500. पण हे तास कोचिंगचे. धंदा कळतो की नाही, ते त्यावरून समजत नाही.

म्हणून तुमच्याच आकाराच्या तीन जुन्या ग्राहकांशी फोनवर बोला, त्यातला एक मध्येच सोडून गेलेला असावा. त्याला विचारा, का सोडलं? खरी माहिती बहुधा तिथेच मिळते. कोच अशा कुणाचाच नंबर देत नसेल तर थांबा.

मोफत सेमिनारमध्ये 'आजच भरा, निम्मी फी' म्हटलं की पैसे देऊ नका. गर्दीच्या उत्साहात वर्षाची फी भरली जाते आणि दोन महिन्यांत भेटी बंद पडतात. आधी तीन महिन्यांचाच करार करा. महिन्याला किती भेटी, स्वतः कोच येणार की त्याचा सहायक, मध्ये थांबल्यास परतावा किती, फीवर जीएसटी वेगळा का, हे सगळं लेखी घ्या.

पहिल्या भेटीत त्याने ताळेबंद मागितला तर चांगली खूण समजा.