दहा बाय अकराची खोली आणि एक कूलर

छोटी खोली मोठी दिसावी म्हणून आरसा लावा, भिंती पांढऱ्या करा, खिडकीखाली टेबल ठेवा. हे सल्ले मी इतके ऐकले आहेत की आता कोणी आरशाचं नाव काढलं की मी चहा ठेवायला उठते. खोली मोठी दिसून काय करायचंय? तिच्यात सकाळी नवऱ्याचं लॅपटॉपवरचं काम, संध्याकाळी आठ मुलांची शिकवणी आणि रात्री अकोल्याहून आलेली मावशी मावली पाहिजे. तेही मे महिन्यात, नागपुरात.

भाड्याची तीन घरं, मग हा फ्लॅट, बहिणीकडे, नणंदेकडे, भाच्याचं सीताबर्डीवरचं एका खोलीचं ऑफिस असं धरून पंधरा-सोळा खोल्या मी मांडून दिल्या आहेत. पहिल्या तीन चुकल्या. तिन्ही एकाच ठिकाणी चुकल्या, म्हणून त्या ठिकाणावरच जास्त बोलणार आहे.

सुरुवातीची कामं तुम्हाला ठाऊक आहेत: खोलीत काय काय होणार ते कागदावर लिहा, वर्षभर हात न लागलेलं सामान भंगारवाल्याला द्या, टेप घेऊन मापं घ्या. लांबी-रुंदी सगळेच घेतात. दाराचं पान किती आत येतं, खिडकी जमिनीपासून किती उंच, स्विचबोर्ड कुठे, पश्चिमेची भिंत कोणती, तेही लिहा. झालं.

आधी कूलर

आपल्याकडे होळी झाली की कूलर निघतो आणि मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत हलत नाही. म्हणजे वर्षातले साडेतीन महिने खोलीची खिडकी तुमची नसते, कूलरची असते. खोली मांडतात मात्र दिवाळीच्या सुमारास. तेव्हा खिडकीतून छान उजेड येतो, थंड वारा येतो आणि माणूस हुरळून खिडकीखाली टेबल ठेवतो.

मीही ठेवलं होतं. प्लायवुडचं, वर लॅमिनेट, सुतारानं रविवार घालवून बसवलेलं. मी विचारलं होतं, ‘‘उन्हाळ्यात इथं कूलर येईल, चालेल ना?’’ तो म्हणाला, ‘‘टेन्शन काहून घेता ताई, बसते ना बरोबर.’’ मार्चअखेर कूलर बसला. पहिल्याच दिवशी दहावीच्या उत्तरपत्रिका खोलीभर उडाल्या. पंधरा दिवसांत टेबलाची मागची कड फुगली, कारण नव्या ताट्यांतून, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाणी झिरपणाऱ्या जाड पडद्यांतून थोडे थेंब उडतातच आणि ते नेमके त्या कडेवर. मे महिन्यात लॅमिनेट नखानं सोलता येत होतं. उजेडही गेलाच, कारण अर्धी खिडकी कूलरनं खाल्ली होती.

म्हणून माझा नियम: कागदावर खोली काढली की सगळ्यात आधी कूलर काढा. त्याच्या तोंडासमोर चार-पाच फूट टेबल नको, पुस्तकं नकोत, गाद्या भरलेली पेटी तर नकोच. टेबल खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीला लावा आणि वर स्वतंत्र दिवा द्या.

याच्यापुढची गोष्ट लोक हमखास विसरतात. कूलर म्हणजे एसी नव्हे. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून जाते, पाणी वाफ होताना उष्णता घेतं आणि थंड, दमट हवा आत येते. ती हवा कुठून तरी बाहेर गेली पाहिजे. दार गच्च लावून बसलात तर तासाभरात खोली दमट होते, चादर अंगाला चिकटते आणि तुम्ही म्हणता, कूलर बेकार आहे. बाहेर जायची वाट कूलरच्या जवळ असली तरीही उपयोग नाही, कारण आलेली हवा तिथूनच निघून जाते आणि पलंगावरचा माणूस घामात. वाट समोरच्या बाजूला हवी. दार चार-सहा बोटं उघडं ठेवलं तरी भागतं. मात्र त्या दाराआड आलमारी किंवा गाद्यांचा ढीग नको.

हे थंडीतही तपासता येतं. खिडकीत टेबलफॅन ठेवा, तोंड आत. उदबत्ती लावून खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर धरा. धूर दाराकडे सरकत गेला तर ठीक. जिथे सरळ वर चढतो किंवा घुटमळतो, तो कोपरा मेमध्ये भट्टी. तिथे पुस्तकं ठेवा, माणूस झोपवू नका. भाच्याच्या ऑफिसात असा कोपरा निघाला तिथे त्यानं फायलींचा रॅक ठेवला. आधी तिथे येणाऱ्या लोकांसाठी खुर्च्या होत्या, आणि लोक पाच मिनिटांत उठून जायचे.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते. लोखंडी बॉडीच्या कूलरचा शॉक जीव घेतो. थ्री-पिन प्लग आणि नीट अर्थिंग असलेल्या पॉइंटवरच कूलर लावा. पाणी भरताना बटण बंद, आणि प्लगही काढलेला. कूलरपर्यंत बादली नेता येईल एवढी वाट मोकळी ठेवा. दिवाणावर गुडघे टेकून, ओल्या हातानं टाकी भरणारी माणसं मी पाहिली आहेत. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डासांची शाळा भरते.

मग रांगोळी

कागदावर सगळंच बसतं. म्हणून जमिनीवर काढा. दिवाणाच्या, टेबलाच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं जोडून फरशीवर पसरा आणि कडेनं रांगोळीची रेघ ओढा. कागद उचलून टाका, रेघा राहू द्या. चार दिवस त्या रेघांमधून वावरा. दार उघडा, खुर्ची मागे ओढा, बादली घेऊन जा. पाय रांगोळीत पडला म्हणजे उद्या अंगठा दिवाणाला आपटणार.

आकडे पाठ असू द्या. चालायला दोन फूट, खुर्ची मागे घ्यायला अडीच. खोली दहा फूट रुंद, एका बाजूला तीन फुटी दिवाण, समोर वीस इंच खोल टेबल, म्हणजे मध्ये पाच फूट चार इंच. एकजण खुर्चीवर आणि दुसरा मागून जातो, असं तेवढ्यात होतं.

आता सोफा-कम-बेड घ्या. मिटलेला असताना शोरूममध्ये फार देखणा. आमच्या दुसऱ्या घरात आणला. उघडला की सहा फूट पुढे. उरले दोन फूट चार इंच, आणि दाराचं पान पावणेतीन फुटांचं. रात्री साडेदहाला मावशी अर्ध्या उघडलेल्या दारातून आडवी होत आत आली आणि म्हणाली, ‘‘काहून वं, दार बिघडलं का?’’ शिवाय तो रोज कोण उघडतो-मिटतो? आठ दिवसांनी उघडाच राहतो. मावशी गेली, सोफा तसाच, आणि मुलं त्यावर पाय पसरून गणितं सोडवतात. दोन मिनिटांत आणि एका माणसानं जे होत नाही, ते रोज होत नाही. माझ्या मते छोट्या खोलीत सोफा-कम-बेड घेऊच नये.

त्याऐवजी तीन बाय तीनच्या दोन पेट्या करून घ्या, चौदा इंच उंच, वर चार इंची गादी, खाली लॉक होणारी चाकं. दिवसा दोन कोपऱ्यांत दोन बैठका, रात्री जोडल्या की सहा फुटांचा दिवाण. जोडाला आतून बोल्ट हवा, नाहीतर मध्यरात्री माणूस फटीत. डोक्याकडे पाठ लावू नका, कारण पाठ आली की पेटी दारातून निघत नाही. पेटीत गाद्या-उशा ठेवायच्या तर प्लायला चार-सहा भोकं पाडून घ्या, म्हणजे कुबट वास येत नाही.

टेबल भिंतीला मिटणारं चालेल, तीस इंच उंचीवर. पण भिंत नऊ इंची आहे की चार इंची हे आधी ठोकून बघा. चार इंची भिंतीवर मुलांचे कोपर झेलणारं टेबल टांगू नका, त्याला खालून पाय द्या.

बाकीचं पटकन. पश्चिमेच्या भिंतीला आलमारी लावा, कारण ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते आणि तिला उशी टेकवून झोपणं ही शिक्षा आहे. आलमारी भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, पावसाळ्यात ओल आणि उधई दोन्ही दिसतात. पुस्तकांच्या फळीला दर अडीच फुटांवर आधार द्या. पडदा जाड घ्या, गांधीबागेच्या कापडबाजारातून अस्तरासकट. रंग फिकट घ्या. भिंतीवर चित्र एक पुरे.

देवघर कुठे, यावर घरात वाद होणार. मी पडत नाही. फक्त कूलरच्या झोतात नको, समई टिकत नाही.

शेवटची तपासणी भाद्रपदातली. आमच्याकडे महालक्ष्म्या याच खोलीत बसतात, तीन दिवस. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर पूजा, मूळावर निरोप. त्या वेळी खोली पूर्ण रिकामी लागते. पहिल्या घरात दिवाण सुतारानं खोलीतच ठोकला होता, पाठीसकट. तो बाहेर निघेना, तेव्हा त्याच्यावरच पाट मांडून मखर उभं केलं, आणि सासूबाई वर्षभर ऐकवत होत्या. या घरात टेबल भिंतीला मिटतं, दोन्ही पेट्या भाचा एकटा हॉलमध्ये ढकलत नेतो. गेल्या वर्षी सात मिनिटं लागली. त्यातली तीन पेटीच्या चाकात अडकलेला रांगोळीचा खडा काढण्यात गेली.