कोकण किनाऱ्यावर दुर्मीळ हिवाळी पक्षी शोधताय? मग या चुका टाळा

डिसेंबर लागला की पक्ष्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. लांबून काढलेला, पाठमोरा, करड्या रंगाचा कुठलातरी पक्षी आणि खाली कॅप्शन "रेड नॉट आहे का हो?". बहुतेक वेळा तो, म्हणजे रेड नॉट नावाचा दुर्मीळ किनारपक्षी, नसतोच. किनाऱ्यावरचे हिवाळी पाहुणे म्हणजे चिखल्या (प्लोव्हर), तुतारी (सँडपायपर), कुरव (गल) ही मंडळी, आणि थंडीत बघावं तर सगळ्यांचेच कपडे करडे-पांढरे. त्यात आपण रंग बघून ओळखायला जातो, तिथेच घोळ होतो.

पण ओळख नंतर, आधी वेळ. अर्धे लोक चुकीच्या वेळी जातात. शनिवारी सुट्टी म्हणून शनिवारी सकाळी सहाला निघायचं, आणि पोचल्यावर बघतो तर ओहोटी पार आत गेलेली, पक्षी किलोमीटरभर लांब चिखलात ठिपक्यांसारखे. मुंबईतल्या शिवडीला हे कायम होतं. भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलवर मिळतोच, पण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब त्याहून सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणा की मुंबई-अलिबागकडची भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण प्लॅन करायला पुरतं. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारी आठला मस्त दिसले होते म्हणून या रविवारीही आठलाच गेलात तर फसलात.

माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे द्वादशी-त्रयोदशी. भरती नऊ-पावणेदहाला, तुम्ही सातला हजर, पाणी चढत येतंय, पक्षी चिखल सोडून वाळूकडे सरकतायत, आणि ऊन अजून कोवळं आहे. अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या बाजूला, अशा वेळी गुपचूप बसून राहिलं की ऑयस्टरकॅचर, टर्नस्टोन, गॉडविट असे किनारपक्षी स्वतःहून जवळ येतात. तुम्हाला त्यांच्या मागे पळायची गरजच नसते. दहा-साडेदहानंतर वाळू तापते, हवा थरथरायला लागते आणि दोन हजार एमएमची लेन्स असली तरी फोटो मऊच येतो.

आता पळण्याचंच निघालं म्हणून सांगतो, थवा उडवून फोटो काढू नका. भरतीच्या वेळी हे पक्षी विश्रांतीला टेकलेले असतात, त्यांना मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर परत उडायचंय. आधीच किनाऱ्यावर बाईकवाले, घोडागाडीवाले, मोकाट कुत्री यांचा त्रास कमी नाही. सगळ्यात आधी दुर्मीळ पक्षीच उडून जातो असा माझा वैयक्तिक संशय आहे, पण तो सोडा.

ओळखीकडे येऊ. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे नेहमीचे पक्षी नीट न शिकता थेट दुर्मीळ शोधायला लागणं. ग्रेटर सँड प्लोव्हर ओळखायचा तर लेसर सँड प्लोव्हर आधी डोळ्यात बसायला हवा. लेसर थव्याने असतो, (आता त्याच्या दोन वेगळ्या जाती केल्यात, आपल्याकडचा तिबेटी), त्याची चोच आखूड. ग्रेटरची चोच लांब आणि जाड. चोचीची लांबी आणि चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर यांची तुलना करा, चोच त्या अंतराहून लांब दिसली तर ग्रेटरचा विचार करायचा. पाय लांब, बरेचदा हिरवट-पिवळसर, आणि उडताना पंजे शेपटीच्या बाहेर डोकावतात. पायाच्या रंगावर एकट्यावर मात्र जाऊ नका, चिखल लागला की सगळ्यांचेच पाय काळे.

आकार हा सगळ्यात फसवा. एकटा पक्षी मोकळ्या वाळूवर उभा असला की तो हवा तेवढा मोठा वाटतो. शेजारी कोण उभंय ते बघा, कंपनीशिवाय साइज लिहूच नका.

नॉटचं प्रकरण थोडं सविस्तर सांगावं लागेल कारण गडबड तिथे जास्त होते. ग्रेट नॉट आपल्याकडे मिळतो, जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे त्याची नोंद महत्त्वाची. त्याची चोच लांबट आणि टोकाला किंचित खाली वाकलेली, छातीवर गडद ठिपके दाट, आणि मिटलेले पंख शेपटीच्या पुढे जातात. रेड नॉट त्याहून छोटा, गुटगुटीत, चोच सरळ आणि डोक्याएवढीच. ज्याला लोक रेड नॉट म्हणतात तो बहुतेकदा ग्रे प्लोव्हर निघतो, तो उडाला की काखेत काळा डाग दिसतो, विषय संपला. दुसरा उमेदवार एप्रिलमधला कर्ल्यू सँडपायपर. हा पठ्ठ्या परतायच्या आधी विटकरी लाल होतो आणि लाल बघितलं की लोकांना नॉट आठवतो. पण याची चोच लांब आणि खाली वळलेली असते, आणि उडताना शेपटीच्या वर पांढरा पट्टा. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या डनलिनला तिथे मधोमध काळी रेघ असते. म्हणून उडतानाचा एक तरी फोटो हवाच, कितीही वाईट आला तरी चालेल. पाठ, पंखावरची रेघ, शेपटीचा वरचा भाग, एवढं दिसलं की निम्मी भांडणं मिटतात. गॉडविटचंही तेच, ब्लॅक-टेल्डच्या पंखावर रुंद पांढरी पट्टी आणि काळी शेपटी, बार-टेल्डला पट्टी नाही आणि चोच जराशी वर वळलेली.

चमच्यासारख्या चोचीच्या स्पून-बिल्ड सँडपायपरचं काय? त्याचा हिवाळा मुख्यतः बांगलादेश, म्यानमारकडे. इकडे चमच्यासारखी चोच दिसली तर आधी झूम करून बघा, लिटल स्टिंट या छोट्याशा किनारपक्ष्याच्या चोचीला चिखलाचा गोळा चिकटलेला असतो. दोन मिनिटांनी तो झटकतो आणि बातमी जाते.

कुरवांवर खरं तर वेगळा लेख हवा. मोठे कुरव पूर्ण रंगात यायला चार वर्षं घेतात, तोपर्यंत तपकिरी ठिपक्यांचे आणि दर हिवाळ्यात वेगळे. तपकिरी म्हणजे नवी जात नव्हे. ह्युग्लिन्स आणि स्टेप ही कुरवांची दोन नावं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आता लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्याच उपप्रकारात येतात, खात्री नसेल तर नुसतं लेसर ब्लॅक-बॅक्ड लिहा, कोणी हसत नाही. ब्राउन-हेडेड आणि ब्लॅक-हेडेड या कुरवांना हिवाळ्यात डोकं तपकिरी-काळं नसतंच, फक्त कानामागे ठिपका, त्यामुळे डोक्यावरून नको, पंखाची टोकं बघा. प्रौढ ब्राउन-हेडेडची टोकं काळी आणि त्यात पांढरे आरसे म्हणजे ठिपके, डोळा फिकट. ब्लॅक-हेडेडच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पाचर.

ॲपवर फोटो टाकून जे पहिलं नाव येईल ते लिहायची सवयही सोडा. ॲप धूसर फोटोतूनही नाव देतंच. आणि ईबर्डवर नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने प्रश्न विचारला तर रागावू नका, तो तुमच्यावर नाही, नोंदीवर प्रश्न असतो. "स्पष्ट दिसला" असं लिहून उपयोग नाही, चोच कशी, पाय कसे, कोणाशेजारी उभा होता, किती लांबून बघितला, ते लिहा. नोंद लिहायला घरी जाऊन बसू नका, वाळूवरच फोनवर बोलून ठेवा, संध्याकाळपर्यंत तुमच्या आठवणीत तो पक्षी दोन सेंटीमीटरने वाढलेला असतो.

पायात कडी किंवा झेंडी असलेला पक्षी दिसला तर मात्र बाकी सगळं सोडून तिचा फोटो. ठाणे खाडीत बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) बरेच पक्षी पकडून, टॅग लावून सोडलेत, आणि दूरच्या देशांतल्या झेंड्या घेऊनही पक्षी येतात. झेंडीचा रंग, त्यावरची अक्षरं, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, सगळं टिपा. डावा-उजवा ठरवताना पक्ष्याचा डावा पाय धरायचा, तुमचा नाही, नाहीतर रंगांचा क्रम उलटा लिहिला जातो आणि पक्षी भलत्याच देशाच्या नावावर चढतो.