क्रीटमध्ये व्हिला घेतलाय? आसपास फिरताना या चुका टाळा

ग्रीसचं क्रीट बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे. नकाशावर ते आटोपशीर दिसतं आणि बेत तिथेच फसतो. हानिया शहराच्या पूर्वेला अपोकोरोनास भागात, म्हणजे वामोस, अल्मिरिदा, व्रिसेस या गावांच्या आसपास बरेच व्हिला आहेत. पुढचं सगळं तिथे मुक्काम आहे असं धरून लिहिलं आहे.

किलोमीटरवरून वेळ काढणं

उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यांच्या मध्ये लेफ्का ओरी हे डोंगर उभे आहेत. त्यांचं सर्वात उंच शिखर 2,453 मीटर. उत्तरेचा मुख्य महामार्ग सोडला की घाट सुरू होतो आणि तासाला 35-40 किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये. हानियापासून नैर्ऋत्य टोकाचा एलाफोनिसी किनारा साधारण 75 किलोमीटर, पण दीड तास सहज जातो; वामोसहून निघालात तर दोन तास धरा. लांबचं ठिकाण दिवसाला एकच ठेवा. उरलेल्या वेळात कुर्नास तलाव किंवा आप्तेराचे रोमन पाण्याचे हौद बघा, दोन्ही जवळच आहेत. आप्तेराहून खाली सूदाचा उपसागर दिसतो. तिथे नौदलाचा तळ आहे, त्यामुळे छायाचित्रबंदीचा फलक असेल तर कॅमेरा आत ठेवा.

नाव नीट न पाहता जीपीएस लावणं

हानियाच्या पश्चिमेला असलेल्या किसामोस गावाला स्थानिक लोक कास्तेली म्हणतात. दुसरं कास्तेली इराक्लिओ शहराच्या बाजूला, बेटाच्या मध्यावर आहे. एलाफोनिसी क्रीटमध्ये, तर एलाफोनिसोस हे पेलोपोनीजजवळचं वेगळं बेट. शिवाय फलकांवर एकाच गावाचं रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी सापडतं. आदल्या रात्री व्हिलाच्या वायफायवर नकाशा उतरवून ठेवा आणि ठिकाणावर स्वतः पिन टाका.

गाडी

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्याआधी आरटीओतून काढा. 1 वर्ष चालतो. परवाना अपुरा असेल तर अपघातानंतर विमा हात वर करू शकतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची असते. इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, म्हणून पहिल्या दिवशी वळताना हमखास वायपर सुरू होतो. पार्किंगमध्ये दहा मिनिटं सराव करा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आगाऊ सांगा, कारण भाड्याच्या बऱ्याच गाड्या गिअरच्या असतात.

वायव्य टोकाच्या बालोस किनाऱ्याला गाडीने जाताना कालिव्हियानी गावापुढचे जवळपास 8 किलोमीटर कच्चे आहेत. भाडेकरारात टायर, काच आणि गाडीची खालची बाजू विम्याबाहेर आहे का, तेवढं वाचा. तसं असेल तर किसामोस बंदरातून बोट घ्यावी, पण वारा नसलेल्या दिवशी.

समारिया दरी: सगळ्यात महाग पडणारी चूक

ही 16 किलोमीटरची वाट ओमालोसजवळच्या क्सिलोस्कालो इथे, सुमारे 1,230 मीटरवर सुरू होते आणि आयिया रुमेलीला समुद्रावर संपते. आयिया रुमेलीला रस्ताच नाही. गाडी वर ठेवून खाली उतरलात तर बोटीने सुयिया किंवा होरा स्फाकिओन या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांना पोहोचता आणि गाडी डोंगरात राहते. म्हणून हानियाहून सकाळची बस घ्या आणि परतीची बोट व बस यांचं वेळापत्रक एकत्र जुळवा. शेवटची बोट चुकली तर मुक्काम तिथेच.

उतरायला पाच ते सात तास लागतात. उतार आहे म्हणून सोपं वाटतं. खरा मार गुडघ्यांना बसतो. नवे बूट घालू नका, काठी घ्या. वाटेत पाण्याचे झरे आहेत, एक बाटली भरत राहिलं की पुरतं. दरी साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते, तरी पाऊस किंवा उष्णतेमुळे ऐनवेळी बंद होते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. सोबत ज्येष्ठ असतील तर होरा स्फाकिओनहून बोटीने आयिया रुमेलीला जा आणि तिथून उलट चालत ‘पोर्तेस’ या अरुंद खिंडीपर्यंत जाऊन या. दरीचा सर्वात देखणा भाग तोच आहे.

वारा आणि समुद्र

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा सुटतो आणि उत्तर किनारा खवळतो. योर्योपोलीचा वाळूचा किनारा लांबलचक आणि सुंदर आहे, पण तिथले प्रवाह जोरदार आहेत. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. अल्मिरिदाचा उथळ, आडोशाचा किनारा बरा.

जेवण, गाव, व्हिला

शाकाहारींसाठी ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचं, हा शब्द कामाचा आहे, मात्र या उपवासात कोळंबी आणि माकूळ चालतं, त्यामुळे तेही नको असं स्पष्ट सांगा. ‘होर्ता’ ही उकडलेली पालेभाजी आणि ‘फावा’ ही घट्ट पिवळी डाळ मागवा. मठात खांदे आणि गुडघे झाकून जावं.

उन्हाळ्यात दुपारी 3 ते 5.30 ही शांततेची वेळ असते. व्हिलाच्या पोहण्याच्या तलावाकाठी गाणी लावायची ही वेळ नव्हे, आणि गावातली छोटी दुकानंही तेव्हा बंद मिळतात. टॉयलेट पेपर कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाका. सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, तुंबतात. डोंगरवाटेवर कुंपणाचं फाटक तारेने बांधलेलं दिसलं तर तार सोडवा, आत जा आणि पुन्हा तसंच बांधा. पलीकडे कुणाच्या तरी शेळ्या चरत असतात.