बाळंतपणाची तारीख काढताना या चुका टाळा

"शेवटची पाळी कधी आली होती?" असं विचारलं की आमच्या उपकेंद्रात सरळ तारीख क्वचितच ऐकू येते. "ताई, अखाजीना दोन दिन पहिले," असं उत्तर येतं, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी. कुणी श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट सांगते, कुणी पोळा, कुणी सारंगखेड्याची यात्रा. बायांची ही आठवण पक्की असते. चुकतो ते आपण, तिची तारीख लावताना. अखाजी २०२४ मध्ये १० मे रोजी होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. "अखाजी म्हणजे मे" असं धरून लिहिलं की दहा दिवसांचा घोळ तिथेच होतो. म्हणून त्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि तिच्यासमोर बोट ठेवून मागे मोजा. २०२५ च्या अखाजीआधी दोन दिवस म्हणजे २८ एप्रिल. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवा, ४ फेब्रुवारी २०२६ येते.

मोजायचं ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकली त्या दिवसापासून मोजलं की सगळा हिशेब महिनाभर पुढे जातो. घरात "आठवाच चालू आहे" म्हणत असतात आणि बाईला कळा सुरू होतात. तिथीनेही मोजू नका. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो, त्यामुळे तिथीचे नऊ महिने नऊ दिवस म्हणजे जेमतेम २७५ दिवस होतात. आपल्याला हवेत २८०. त्यात २०२६ सारखा अधिक ज्येष्ठ आला तर गोंधळ आणखी वाढतो.

हा हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. जिची ३५ दिवसांनी येते तिची तारीख आठवडाभर पुढे जाते. अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस राहिले असतील, किंवा पाळी अनियमित असेल, तर आकडेमोडीच्या मागे न लागता लवकर सोनोग्राफी करून घ्या.

सोनोग्राफीबाबत मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. एका सुनेच्या पिशवीतून तीन रिपोर्ट निघाले, तिन्हींवर वेगळी तारीख. सासूबाई म्हणाल्या, "शेवटचा नवा आहे, तोच खरा." खरं तर उलट आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख सर्वांत भरवशाची, फार तर पाच-सात दिवस इकडेतिकडे. त्या वयात सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात. शेवटच्या तीन महिन्यांत कुणाचं बाळ अंगाने भरतं, कुणाचं बारीक राहतं, म्हणून तेव्हाचा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. पहिली तारीख एकदा ठरली की ती हलवू नका. नंतरच्या रिपोर्टमध्ये बाळ दोन-तीन आठवड्यांनी लहान दिसलं तर "तारीखच पुढे असेल" म्हणून गप्प बसणं सर्वांत धोक्याचं. बाळाची वाढ खुंटलेली असू शकते. सगळे रिपोर्ट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथेही दाखवता येतं.

ठरलेल्या दिवशीच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे भरले की तयारी ठेवा. तारीख उलटली तर "कळा येतील तेव्हा जाऊ" असं करू नका, तपासणी चालू ठेवा, आणि ४१ आठवडे झाले की पुढे काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तारखेकडे बघायचंच नाही, १०८ ला फोन करायचा.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बायांची मला जास्त काळजी वाटते. फडावर तिची पाळी कधी आली होती हे कुणालाच ठाऊक नसतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या बाईलाही माहेरघरात (बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायची सरकारी सोय) कधी येऊन राहायचं ते या तारखेवरूनच ठरवावं लागतं. म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावर पाळीची आणि बाळंतपणाची, दोन्ही तारखा ठळक लिहून घ्या. कार्डाचा आणि पहिल्या सोनोग्राफीचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात न बांधता तिच्या हातातल्या पिशवीत द्या.