अमेरिकेतील टॅक्स रिटर्नमध्ये मुलांना डिपेंडंट दाखवताना

मूल आपल्यावर अवलंबून, म्हणजे डिपेंडंट, आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा खर्च कोण करतो एवढेच पाहतो. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याला, म्हणजे आयआरएसला, तेवढे पुरत नाही. मूल वर्षभरात किती रात्री तुमच्या घरी राहिले, ३१ डिसेंबरला त्याचे वय किती होते आणि त्याच्याकडे कोणता क्रमांक आहे, या तीन गोष्टींवर बहुतेक सारे ठरते. म्हणून फॉर्म १०४०, म्हणजे वैयक्तिक प्राप्तिकराचे रिटर्न, उघडण्याआधी मुलाचा पासपोर्ट, असल्यास सोशल सिक्युरिटी कार्ड (सरकारी ओळख क्रमांकाचे कार्ड) आणि प्रवासाच्या तारखा समोर ठेवाव्यात. पुढील माहिती २०२५ या करवर्षाच्या रिटर्नला धरून आहे आणि ती रहिवासी म्हणून फॉर्म १०४० भरणाऱ्यांसाठी आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असून १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा फॉर्म, भरणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ही माहिती स्वतःला लागू करू नये.

पहिली कसोटी नात्याची असते आणि तीत सहसा अडचण येत नाही: पोटचे, सावत्र किंवा दत्तक मूल चालते. वयाची अट अशी की वर्षाच्या अखेरीस मूल १९ वर्षांखालील असावे, किंवा वर्षातील किमान पाच महिन्यांत पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ वर्षांखालील असावे. कायमचे व पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची मर्यादा नाही. मुलाने वर्षातील निम्म्याहून अधिक काळ तुमच्याबरोबर राहिलेले असावे. कॉलेजच्या वसतिगृहात काढलेले महिने तात्पुरती अनुपस्थिती मानले जातात आणि ते तुमच्या घरी राहिल्याप्रमाणेच मोजले जातात. वर्षात जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत कायदा उदार आहे: ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेले मूलही पूर्ण वर्षासाठी धरले जाते.

खर्चाचा प्रश्न यानंतर येतो आणि तोही उलट्या बाजूने विचारला जातो. तुम्ही निम्मा खर्च केला का, असे कायदा विचारत नाही. मुलाने स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केला का, असे विचारतो. त्यामुळे वीस वर्षांच्या मुलीने उन्हाळ्यातील इंटर्नशिपमध्ये चांगले पैसे मिळवले आणि ते बँकेत साठवले, तर तेवढ्याने ती डिपेंडंट राहण्यास अपात्र ठरत नाही, कारण साठवलेला पैसा निर्वाहावर खर्च झालेला नसतो. या कसोटीसाठी शिष्यवृत्तीही विद्यार्थ्याने केलेला खर्च धरत नाहीत. मात्र तिने स्वतःचे रिटर्न भरताना आपल्याला दुसरे कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकते, हा चौकोन आठवणीने भरावा. विद्यार्थी घाईत तो रिकामा सोडतात आणि मग आईवडिलांचे रिटर्न अडते.

भारतातून आलेल्या कुटुंबांचा खरा घोळ मुलाच्या रहिवासात आणि क्रमांकात होतो. डिपेंडंट हा अमेरिकेचा नागरिक, अमेरिकेचा रहिवासी किंवा कॅनडा अथवा मेक्सिकोचा रहिवासी असावा लागतो. आजीआजोबांकडे पुण्यात वाढणारे भारतीय नागरिक असलेले मूल, त्याचा सगळा खर्च तुम्ही पाठवत असलात तरी, या व्याख्येत बसत नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेल्या मुलाचा रहिवास दिवस मोजून ठरतो: चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ किंवा अधिक भरली पाहिजे, शिवाय चालू वर्षात किमान ३१ दिवस असावेत. मूल १० मार्च २०२५ रोजी प्रथमच आले आणि इथेच राहिले, तर त्याचे २९७ दिवस होतात आणि प्रश्न मिटतो. तेच २० जुलैला आले तर १६५ दिवस होतात, आणि सामान्यतः त्या वर्षी त्याला दाखवता येत नाही. पती-पत्नींपैकी एकाला रहिवासी मानून संयुक्त रिटर्न भरण्याची जी मुभा असते, ती मुलांना लागू होत नाही. ही गल्लत मी वारंवार पाहिली आहे. याउलट, इथे जन्मलेले आणि नंतर भारतात आजीकडे ठेवलेले मूल अमेरिकी नागरिक असते. निम्मे वर्ष तुमच्याजवळ न राहिल्याने ते वरच्या कसोट्यांच्या पहिल्या प्रकारात बसले नाही, तरी त्याचे स्वतःचे उत्पन्न ५,२०० डॉलरपेक्षा कमी असेल आणि निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करत असाल, तर दुसऱ्या, म्हणजे अवलंबून असलेल्या नातेवाइकाच्या, प्रकारचा डिपेंडंट म्हणून सहसा दाखवता येते.

पदरात काय पडते ते क्रमांकावर अवलंबून असते. डिपेंडंटमागे मिळणारी जुनी वैयक्तिक वजावट २०१८ पासून शून्य आहे. आता लाभ मिळतो तो थेट करातून वजा होणाऱ्या क्रेडिटच्या रूपाने. वर्षअखेरीस १७ वर्षे पूर्ण न झालेल्या आणि नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या, तुमच्याबरोबर राहणाऱ्या मुलामागे २०२५ साठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२०० डॉलरपर्यंत आहे. त्यासाठी आईवडिलांपैकी किमान एकाकडेही तसा नंबर असावा लागतो. संयुक्त रिटर्नमध्ये उत्पन्न चार लाख डॉलरच्या, एरवी दोन लाखांच्या पुढे गेले की क्रेडिट कमी होऊ लागते. एच-४ वरील मुलाला सहसा सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. त्याच्यासाठी आयटीआयएन, म्हणजे असा नंबर नसलेल्यांसाठीचा करदाता क्रमांक, घ्यावा लागतो आणि त्यावर फक्त ५०० डॉलरचे दुसरे क्रेडिट मिळते. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही हेच ५०० लागू होते.

आयटीआयएनसाठी फॉर्म डब्ल्यू-७ भरून तो रिटर्नसोबत जोडतात आणि टेक्सासमधील ऑस्टिन येथील आयआरएस कार्यालयाकडे पाठवतात. सोबत मुलाचा मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या अधिकाऱ्यानेच प्रमाणित केलेली प्रत लागते. नोटरीची प्रत चालत नाही, हे लक्षात न घेतल्याने अर्ज परत येतात. मूळ पासपोर्ट टपालात टाकणे जिवावर येते, हे साहजिक आहे. अशा वेळी आयआरएसच्या स्थानिक करदाता साहाय्य केंद्रात वेळ घेऊन जावे किंवा मान्यताप्राप्त एजंटाकडून पासपोर्टची पडताळणी करून घ्यावी. पासपोर्टवर अमेरिकेत प्रवेशाची तारीख नसेल तर सहा वर्षांखालील मुलासाठी इथली वैद्यकीय नोंद आणि त्याहून मोठ्या, १८ वर्षांखालील मुलासाठी शाळेची नोंद जोडावी. हा अर्ज रिटर्नच्या मुदतीत, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत, अथवा फॉर्म ४८६८ भरून वाढवून घेतल्यास १५ ऑक्टोबरपर्यंत झाला पाहिजे. त्यानंतर अर्ज करून मिळालेला क्रमांक मागील वर्षाच्या क्रेडिटसाठी उपयोगी पडत नाही.

फॉर्मवर नाव लिहिताना सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसेच लिहावे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी मुलाच्या नावाला जोडलेले असते, कधी आडनावाची जागाच रिकामी असते, आणि शाळेतले नाव तिसरेच असते.

विभक्त आईवडिलांच्या बाबतीत ज्याच्याकडे मूल अधिक रात्री राहते त्याचा हक्क पहिला असतो. रात्री समान असतील तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा. हक्क असलेल्या पालकाने हक्क सोडण्याच्या फॉर्म ८३३२ वर सही करून दिली तर दुसऱ्याला चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येते, पण हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचा सवलतीचा करदर्जा) हा दर्जा आणि मुलाच्या सांभाळखर्चाचे क्रेडिट त्या सहीने हस्तांतरित होत नाही. न्यायालयाच्या आदेशात काहीही लिहिलेले असले तरी आयआरएस आपल्या नियमांनीच चालते.

दोघांनी एकाच मुलाचा नंबर टाकला, तर मागाहून ई-फाइल केलेले रिटर्न नाकारले जाते. आपला हक्क खरा असेल तर घाबरून मुलाचे नाव काढू नये. आयआरएसकडून आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त क्रमांक, घेऊन त्यासह पुन्हा ई-फाइल करावे, नाहीतर कागदी रिटर्न पाठवावे. नंतर दोघांनाही पत्रे येतात, आणि तेव्हा शाळेने दिलेला पत्ता असलेला कागद, डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी आणि प्रवासाच्या तारखा मागितल्या जातात.