स्पोर्ट्सवेअर परदेशी विकायचंय? या चुका टाळा

लोगो तयार, इन्स्टाग्रामचं पान तयार, मॉडेलचे फोटोही तयार. पण कापडाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) किती, असं विचारलं की गप्प. नव्या स्पोर्ट्सवेअर ब्रँडचं घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं.

कापड टेबलावर पाहून पास करणं

ही सगळ्यात महाग चूक आहे आणि मोठ्यांनाही ती चुकलेली नाही. मार्च 2013 मध्ये कॅनडाच्या लुलुलेमन कंपनीला 'लुऑन' कापडाच्या काळ्या योगा पँट दुकानांतून परत घ्याव्या लागल्या. उभं राहिलं की ठीक, वाकलं की आरपार दिसायचं. बायकांच्या पँटपैकी सुमारे 17 टक्के माल काढून घ्यावा लागला. तैवानचा पुरवठादार म्हणाला, माल ठरल्याप्रमाणेच दिलाय. पँट घालून वाकून पाहणं हीच खरी चाचणी, हे कंपनीला नंतर मान्य करावं लागलं.

कारण समजून घ्या. किलोमागे जास्त नग निघावेत म्हणून स्टेंटरवर (कापड ताणून, तापवून पक्कं करणाऱ्या यंत्रावर) कापड रुंदीला ताणून सेट केलं, की जीएसएम उतरतो. हाताला ते कळत नाही. नायलॉन-स्पॅन्डेक्स लेगिंगसाठी 240 ते 280 जीएसएम धरा, त्याखाली जाऊ नका. गोल जीएसएम कटरने ताक्याच्या दोन्ही टोकांचे आणि मधला असे तीन तुकडे काढून वजन करा. 5 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ताका परत पाठवा. स्पॅन्डेक्सचा ताका उलगडून 24 तास मोकळा ठेवा, मगच ले मारा, म्हणजे कटिंगसाठी थर अंथरा. नाहीतर कटिंगनंतर तुकडे आखडतात आणि एम साइजचा एस होतो. शिवलेला नमुना सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या साइजच्या व्यक्तीला घालायला द्या, आत पांढरी अंतर्वस्त्रं असू द्या, खिडकीच्या उजेडात पूर्ण खाली बसायला सांगा. पाच धुण्यांनंतर पुन्हा हेच करा. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक लॉटला ही चाचणी लागते. 'मागच्या लॉटला बघितलं होतं' हे कारण चालत नाही.

मरून जर्सीवर पांढरा लोगो

पॉलिएस्टर डिस्पर्स रंगाने रंगवतात. साधी प्लास्टिसोल शाई पक्की करायला साधारण 160 अंश उष्णता लागते आणि तेवढ्यात तो रंग वायू होऊन शाईत शिरतो. पांढरा लोगो गुलाबी होतो, तोही बऱ्याचदा लगेच नाही, काही दिवसांनी, माल बंद कंटेनरमध्ये असताना. त्यामुळे लो-ब्लीड (कापडाचा रंग न ओढणारी), कमी तापमानाला पक्की होणारी शाई घ्या आणि तिच्याखाली रंग अडवणारा राखाडी किंवा काळा ब्लॉकर थर द्या. गरम नग एकावर एक रचू नका. नमुना आठवडाभर बांधून ठेवून मगच बल्क, म्हणजे सगळा माल छापा. या आठवड्याची घाई करणारे पुढे पूर्ण लॉट फेकतात.

नाव नोंदवायचं 'नंतर बघू'

चीनमध्ये आधी अर्ज करील त्याचं नाव. न्यू बॅलन्स 'शिन बाय लुन' या चिनी नावाने माल विकत होती, पण ते नाव दुसऱ्याने नोंदवलेलं निघालं. 2015 मध्ये ग्वांगझोच्या न्यायालयाने 9.8 कोटी युआन भरायला सांगितले. अपिलात ते 50 लाखांवर आले, पण एवढ्या मोठ्या कंपनीचीही वर्षं त्यात गेली.

भारतात क्लास 25 (कपडे, बूट, टोप्यांचा ट्रेडमार्क वर्ग) मध्ये अर्ज केला की सहा महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज करून तीच अर्जाची तारीख मागता येते. माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 2013 पासून आहे, म्हणजे त्याच अर्जाच्या आधारे इथूनच अनेक देश निवडता येतात. चीनमध्ये कपडे, बूट आणि टोप्या क्लास 25 मधलेच वेगवेगळे उपगट आहेत. तिन्ही घ्या, आणि चिनी लिपीतलं नावही. पहिला नमुना कारखान्याला पाठवण्याआधी अर्ज झालेला हवा.

बाकीच्या थोडक्यात. अमेरिकेत निटेड (होजिअरीच्या) सुती टी-शर्टवर मूळ आयात शुल्क 16.5 टक्के, पॉलिएस्टरवर 32, जादा शुल्क वेगळं. मिश्र कापडात वजनाने जास्त असलेला धागा दर ठरवतो, म्हणून किंमत सांगण्याआधी धाग्याचं प्रमाण पक्कं करा. लेबलवर अमेरिकेत 'स्पॅन्डेक्स' चालतं, युरोपात 'इलास्टेन' लिहावं लागतं, तेही विक्रीच्या देशाच्या भाषेत. भारतीय एल म्हणजे अमेरिकी एल नव्हे, तेव्हा छातीचं माप सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत द्या.

एकाच पुरवठादारावर विसंबू नका. फिल नाइट आणि बिल बॉवरमन यांनी 1964 मध्ये प्रत्येकी 500 डॉलर घालून ब्लू रिबन स्पोर्ट्स सुरू केली, ती जपानच्या ओनित्सुकाचे बूट विकायला. संबंध तुटेपर्यंत त्यांनी स्वतःचा 'नाइके' ब्रँड उभा केला होता, म्हणून ते तगले. दुसऱ्या कारखान्याला प्रत्येक हंगामात किमान 20 टक्के ऑर्डर द्या आणि पॅटर्न, ग्रेडिंग (साइजनुसार मापं), रंगांचे पँटोन क्रमांक स्वतःच्या ताब्यात ठेवा, कारखान्याच्या संगणकावर नव्हे.