माउंजारोचं पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी

माउंजारो, म्हणजे मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठीचं टिरझेपटाइड, लिहून मिळालं असेल आणि तुम्ही माला-एन किंवा माला-डीसारखी गर्भनिरोधक गोळी घेत असाल, तर आधी सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत भरा. शुगरचे डॉक्टर कोथरूडला आणि स्त्रीरोगतज्ज्ञ पेठेत असतील, तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. पिशवी दोघांपुढे रिकामी करा.

हे औषध जठराचं काम मंदावतं. गोळी पोटात रेंगाळते आणि तिच्यातलं संप्रेरक रक्तात उशिरा आणि कमी चढतं. ५ मिलिग्रॅमच्या एका डोसनंतर इथिनिल इस्ट्रॅडिऑल या गोळीतल्या संप्रेरकाची रक्तातली कमाल पातळी ५९ टक्क्यांनी घटलेली आढळली आहे. जठराला सवय झाली की हा परिणाम ओसरतो, पण डोस वाढवला की पुन्हा उसळतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनपासून चार आठवडे आणि त्यानंतर प्रत्येक वाढीव डोसपासून चार आठवडे, गोळी चालू ठेवूनच निरोध वापरायचा.

या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहा. समजा ४ जानेवारीला २.५ मिलिग्रॅम सुरू केलं. १ फेब्रुवारीला ५ झालं की मोजणी पुन्हा शून्यापासून, १ मार्चपर्यंत. डॉक्टरांनी ५ वरच थांबवलं तर तिथे सुटका. दर चार आठवड्यांनी वाढवत १५ पर्यंत गेलात तर सलग चोवीस आठवडे होतात. एवढा काळ निरोधावर भिस्त ठेवणं अवघड वाटत असेल तर सरळ तांबी बसवून घ्या किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन घ्या, असं आम्ही सुचवू. दोन्हींचा जठराशी संबंधच येत नाही आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात.

गोळीचं एक पाकीट जास्तीचं आणून ठेवा. गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्यायची, ती या जादा पाकिटातून, म्हणजे चालू पाकिटाचे वार बिघडत नाहीत. जोराचे जुलाब चोवीस तासांपेक्षा जास्त चालले तर ते दिवस गोळी चुकल्याचे धरा. शेवटच्या सात लोहाच्या गोळ्यांना हे लागू नाही.

याच जातीच्या सेमाग्लुटाइडने, म्हणजे ओझेम्पिक किंवा वेगोव्ही इंजेक्शनने, गोळीच्या शोषणात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. उलटी-जुलाबाचा नियम मात्र तोच. सेमाग्लुटाइडचीच रायबेल्सस गोळी सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपाहून कमी पाण्याबरोबर घेतात. गर्भनिरोधक गोळी तिच्याबरोबरच गिळू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि गर्भनिरोधक गोळीचं वैर नाही.

पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार, असलेल्यांनी इथे जरा थांबावं. पाळी दोन-दोन महिने येत नाही, म्हणून दिवस राहणार नाहीत, हा हिशेब वजन उतरायला लागलं की चुकतो. स्त्रीबीज पुन्हा सुटू लागतं, आणि ते पाळी यायच्या आधी सुटतं.

घरात लघवी तपासणीचं किट ठेवा. औषधाची मळमळ आणि दिवस राहिल्याची मळमळ सारखीच असते, त्यामुळे अंगावर विसंबू नका. पाळी लांबली की सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा. दोन रेघा आल्या तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मधुमेह असेल तर साखर सांभाळायला दुसरं औषध लगेच लागतं. निरोध फाटला तर तातडीची गोळी ७२ तासांत घेता येते, पण जास्त वजनात तिची ताकद कमी पडते. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी जास्त खात्रीची.

मूल हवं असेल तर आधी इंजेक्शन बंद करा, गर्भनिरोधक गोळी आधी बंद करू नका. टिरझेपटाइड थांबवून किमान एक महिना आणि सेमाग्लुटाइड थांबवून दोन महिने गर्भनिरोधन चालूच ठेवा. त्याच दिवसांत फॉलिक ॲसिड सुरू करा. मधुमेह असेल तर किती मिलिग्रॅमची गोळी, ते विचारून घ्या.